सात पावलांची मैत्री

सातारा, वटपौर्णिमा

प्रिय मंजू,

काल आबांची कॉट फिरवली. त्यांना पडल्यापडल्या परसातला आंबा बघायचा होता. दादा आणि मी लोखंडी कॉट फरशीवर करकरत ओढत होतो आणि मला एकदम ग्रिम बंधूंची ती जर्मन गोष्ट आठवून हसू फुटलं. आठवते का? डॉक्टरचा धर्मपिता साक्षात मृत्यू. तो रोग्याच्या उशाशी उभा असेल तर रोगी बरा होणार, पायथ्याशी असेल तर संपला. राजा आजारी पडला तेव्हा मृत्यू पायथ्याशी. डॉक्टरने राजालाच उलटा निजवला! पुढे राजकन्येसाठीही तेच केलं, तेव्हा मृत्यूने त्याला मेणबत्त्यांच्या गुहेत नेऊन त्याचीच मेणबत्ती विझवली.

आपली सावित्री असली चलाखी करत नाही. आज वडाला सूत गुंडाळताना बायका म्हणत होत्या, "यमाला कसं फसवलं!" मला ते पटत नाही गं. महाभारताच्या वनपर्वात ती त्याच्या मागोमाग चालत राहते आणि म्हणते, सात पावलं बरोबर चालली की मैत्री होते, तेव्हा मित्र म्हणून चार शब्द ऐका. यमाला तिचं बोलणं आवडतं. सत्यवानाचा अंगठ्याएवढा जीव पाशात बांधलेला, आणि हा थांबून थांबून वर देतोय! सासऱ्याचे डोळे, त्यांचं राज्य, वडिलांना शंभर मुलगे, तिला स्वतःला शंभर. दर वेळी बजावतो, "याचा जीव सोडून माग." पाचव्या वराला मात्र ही अट घालायची राहून जाते. ती तेवढंच दाखवून देते, आणि वर विचारते, नवऱ्याला नेलंत तर ते शंभर मुलगे व्हायचे कसे? यम चिडत नाही. खूश होऊन पाश सोडतो.

आपण शाळेतून एसटी स्टँडपर्यंत रोज किती सात पावलं चाललो असू! अर्धं बोलणं तर तुझंच असायचं. तू असतीस तर यमाने सहावा वरही दिला असता.

संध्याकाळी आबांना सगळं वाचून दाखवलं. सत्यवानाला चारशे वर्षं आयुष्य मिळालं हे ऐकून म्हणाले, "चारशे? आणि तेवढी वर्षं भाकऱ्या कोण थापणार, तीच ना?" मग आंब्याकडे तोंड करून झोपले.

फोन करू नकोस, पत्रच लिही.

तुझी,
वैशू