युरिया उतरला, बाकीच्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला डायलिसिसवरचा लेख वाचला. हिमोडायाफिल्ट्रेशन या रक्त गाळायच्या पद्धतीचं नवं मशीन आलं की दुसरी किडनीच मिळाली, असा त्याचा सूर होता. माझी पत्नी गेली काही वर्षं डायलिसिसवर आहे. मी स्वतः नोकरीची हयात खत कारखान्याच्या युरिया प्लांटमध्ये काढली. टनांनी युरिया बनवला, आणि आता हिच्या अंगातला किती उतरला ते कागदावर बघत बसतो!

गेल्या महिन्यात एका खेपेत रक्तातला युरिया १४० वरून ४५ वर आला, म्हणजे ६८ टक्के घट. घट ६५ टक्क्यांच्या वर गेली की टेक्निशियन खूश, "काका, मस्त डायलिसिस झालं." पण युरियाचा रेणुभार अवघा ६०. तो कुठल्याही पडद्यातून सहज पलीकडे जातो. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या रक्तातल्या प्रथिनाचा भार ११,८००. साध्या, बारीक छिद्रांच्या लो-फ्लक्स डायलायझरमधून (रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातून) ते जवळजवळ निघतच नाही, मोठ्या छिद्रांच्या हाय-फ्लक्समधून थोडंफार निघतं, आणि वर्षानुवर्षं साचलं की मनगटात, सांध्यांत जाऊन बसतं. हिला हल्ली चकलीचा सोऱ्या धरवत नाही, रात्री बोटांना मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात, मधुमेहामुळेही असेल. असेल, पण तपासून कुणी पाहिलेलं नाही.

हिमोडायाफिल्ट्रेशनचा फायदा इथेच आहे, तो मी नाकारत नाही. साध्या पद्धतीत घाण दाट बाजूकडून पातळ बाजूकडे आपसूक सरकते आणि मोठे रेणू मागे रेंगाळतात. नव्या पद्धतीत रक्तातलं पाणीच दाबाने पडद्यापार ओढतात, त्याच्या रेट्यात मोठे रेणूही जातात. २०२३ साली युरोपातल्या १,३६० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हाय-फ्लक्स हिमोडायलिसिसवर २१.९ टक्के रुग्ण दगावले, हिमोडायाफिल्ट्रेशनवर १७.३ टक्के. मात्र त्यात दर खेपेला किमान २३ लिटर पाणी असं ओढायचं उद्दिष्ट होतं, आणि ते जमेल असेच रुग्ण निवडले होते. ज्याचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी, कमजोर, त्याचं काय? शिवाय ओढलेल्या पाण्याची भरपाई मशीन तिथल्या तिथे द्रव तयार करून थेट रक्तात सोडतं. तेव्हा मशीनची फीत कापण्याआधी आरओ प्लांटच्या पाण्याचा एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) रिपोर्ट भिंतीवर लावावा. प्लांटमध्ये आम्ही बॉयलरचं पाणी रोज तपासत होतो. इथे तर माणसाचं रक्त आहे.

आणि फॉस्फेटचं काय करणार? ते पेशींतून, हाडांतून सावकाश रक्तात येतं. पहिल्या एक-दोन तासांत रक्तातलं उतरतं, नंतर मशीन नुसतं वाट पाहत बसतं. त्याला हवेत तास. आठवड्याचे तास १६८, त्यात तीन खेपा केल्या तर मशीनवर १२. पैशापायी किंवा अंतरापायी दोनच खेपा करणारे आमच्या बाकावर कितीतरी भेटतात. त्यांना भारी मशीनपेक्षा तिसरी खेप आधी द्या.

लेखात पोटाच्या डायलिसिसचा एका ओळीतही उल्लेख नाही, हे मला सर्वांत खटकलं. दोन लिटर द्रवाची पिशवी नळीने पोटात रिकामी करायची, चार-सहा तासांनी तो द्रव काढून दुसरी, दिवसाला साधारण चार. युरिया सावकाश निघतो, पण काम दिवसरात्र चालू राहतं आणि उरलीसुरली लघवी जास्त दिवस टिकते. हात स्वच्छ ठेवले नाहीत तर पोटात जंतुसंसर्ग होतो, हा धोका खराच. पण छोटा उदेपूरहून पहाटेची एसटी पकडून येणाऱ्या माणसाला हा पर्याय कुणी निदान सांगितला तरी पाहिजे. २०१६ पासून चालू असलेल्या केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमात २०१९ साली याच्याही मार्गदर्शक सूचना निघाल्या आहेत. बडोद्यात त्याची पिशवी कुठे, कितीला आणि कोणत्या योजनेत मिळते, याची चौकशी करून आपण पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त केमिकल इंजिनिअर
दांडिया बाजार, बडोदे