मेरियोंनं काढलेलं चर्च

शिकागो

प्रिय विवेक,

वाड्यांची मोजणी कुठवर आली? तुझी दर्शनी भागांची रेखाटनं मिळाली. ती बघून झाली आणि लगेच इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये एक एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, बघायला मिळालं. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे.

फ्रेंच चित्रकार शार्ल मेरियोंचं, १८५२ सालचं. पॅरिसच्या सेंत-एतिएन-द्यु-माँ चर्चची दर्शनी बाजू. उंची वीतभर, रुंदी जेमतेम तिच्या निम्मी. तू असतास तर आधी एकावर एक चढवलेली ती शिखरं बघितली असतीस: खाली त्रिकोणी, मध्ये कमानदार, वर पुन्हा उभट त्रिकोण. पण मेरियोंनं चर्च मोकळं उभं केलेलंच नाही. डावीकडून माँतेग्यू कॉलेजची जुनी इमारत अंगावर आल्यासारखी पुढे आलीय. तिला परांची बांधलीय, मजूर इमारत पाडतायत. उजवीकडून पाँतेऑं या भव्य स्मारकाचा कोपरा घुसलाय. दोघांच्या फटीत हे चर्च, उन्हात!

आणि ते ऊन म्हणजे जवळजवळ कोरा कागद. मेण चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुई फिरली की तेवढंच तांबं उघडं पडतं, आम्ल तेवढंच खातं. जितकं जास्त खाल्लं तितकी रेघ खोल, शाई जास्त, छाप काळी. त्यात छापताना डावं-उजवं उलटतं, म्हणजे खरं चर्च कागदावर उमटायला पत्र्यावर ते उलटं काढायचं. मेरियों नौदल सोडून चित्रकलेत आला, पण त्याला रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून एचिंगकडे वळला. नुसत्या काळ्या शाईत त्यानं दगडाचं वय दाखवलंय रे! शेवटी शारांताँच्या वेड्यांच्या इस्पितळातच वारला, १८६८ मध्ये.

त्याच माँतेग्यूत जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला शिकला. पुढे जवळच्याच सेंत-बार्ब कॉलेजात त्याला फ्रान्सिस झेवियर भेटला. आपण जुन्या गोव्यात ज्याची शवपेटी पाहिली, तोच. माँतेग्यूच्या जागी आता सेंत-जनव्हिएव्ह ग्रंथालय आहे.

तुझी मापं इंचाचीही चूक नसलेली असतात, पण रेखाटनात वाडा एकटाच उभा असतो. तो कुणाच्या कचाट्यात सापडलाय ते दिसत नाही. शेजारचा टॉवर येऊ दे, बांबूची परांची येऊ दे, कौलं उतरवणारी माणसंसुद्धा. पाडकाम सुरू झालं की तू वही मिटतोस. या वेळी मिटू नकोस. आणि फोटो नको, हातानं काढून पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल