गुलाबी रंग आला म्हणजे तीळतेल शुद्ध, हे चूक आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला तीळतेलावरचा लेख वाचला. तीळतेलाची बाजू कुणीतरी मांडली याचा आनंदच आहे. पण त्यासोबत चौकटीत शुद्धतेची जी ‘घरगुती चाचणी’ छापली आहे, ती चुकीची आहे आणि धोक्याचीही. वाचक आम्लाची बाटली विकत आणण्याआधी ही दुरुस्ती छापावी, अशी कळकळीची विनंती आहे.

चौकट म्हणते, तेलात आम्ल आणि फरफ्युरल नावाचे रसायन घालून हलवा, गुलाबी रंग आला की तेल शंभर टक्के तिळाचे. ही बॉडुइन चाचणी. आपल्याकडे ती रुळली ती वनस्पती तुपामुळे, म्हणजे डालड्यासारख्या घट्ट केलेल्या तेलामुळे. साजूक तुपात वनस्पती मिसळले तर ते पकडता यावे, म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तीळतेल घालण्याची सक्ती झाली. म्हणजे वनस्पतीत तीळतेल विसावा हिस्सा, ते वनस्पती साजूक तुपात थोडेसेच, आणि तरीही रंग उमटतो. इतक्या थोडक्यावर रंग देणारी चाचणी तीळतेल ‘आहे’ एवढेच सांगते. सोबत दुसरे काय आहे, ते तिला कळत नाही. पामोलिनमध्ये, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागात, दहा टक्के तीळतेल टाका, नळी गुलाबीच होईल. भेसळ करणाऱ्याला याहून सोयीची चाचणी कोणती?

कृतीही अर्धवट दिली आहे. ५ मिली तेल, ५ मिली संहत (तीव्र) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरलचे अल्कोहोलमधले २ टक्के द्रावण ०.४ मिली, हे सगळे बुचाच्या नळीत २ मिनिटे जोराने हलवायचे. थर वेगळे झाले की खालच्या आम्लात रंग बघायचा. मग ५ मिली पाणी घालून पुन्हा हलवायचे. रंग टिकला तरच तीळतेल धरायचे, उडाला तर नाही. ही पाण्याची पायरी चौकटीत नाहीच. शिवाय तेलात कृत्रिम रंग असेल तर नुसत्या आम्लानेही लाली येऊ शकते, म्हणून फरफ्युरल न घातलेली एक नळी शेजारी ठेवावी लागते. संहत आम्लाची वाफ नाकाडोळ्यांना झोंबते, फरफ्युरल विषारी आहे. स्वयंपाकघरात हा उद्योग कुणीही करू नये.

शुद्धता ठरते ती इतर कसोट्यांवर. आपल्या अन्नमानकांत तीळतेलाचे आयोडीन मूल्य (तेलातल्या असंतृप्त मेदाचे माप) साधारण १०३ ते १२० दिले आहे आणि बेलियर कसोटीत, म्हणजे प्रक्रिया केलेले तेल अल्कोहोलात थंड करत नेण्याच्या चाचणीत, तेल गढूळ होण्याचे तापमान २२ अंशांच्या वर चालत नाही. शेंगदाणा तेल ३९ ते ४१ अंशांनाच गढूळ होते, त्यामुळे त्याची भेसळ इथे उघडी पडते. पामोलिनचे आयोडीन मूल्य ५८च्या आसपास. ११० मूल्याच्या तीळतेलात ३० टक्के पामोलिन घातले तर मिश्रण ९४वर येते आणि पकडले जाते. १० टक्केच घातले तर १०५ भरते आणि मानकातून सुखरूप सुटते. तिथे मग गॅस क्रोमॅटोग्राफीने मेदाम्लांचे प्रमाणच काढावे लागते.

सामान्य ग्राहकाने निदान किंमत बघावी. लेखकाने हिशेबात एक किलो तिळातून अर्धा किलो तेल काढले आहे. तिळात ४५ ते ५० टक्के तेल असते हे खरे, पण ते प्रयोगशाळेत द्रावकाने काढलेले. लाकडी घाण्यात ४० टक्के उतारा पडला तरी चांगला म्हणायचा, कारण दहा-बारा टक्के तेल पेंडीत राहतेच. घाण्यात तिळावर मारायचा पाण्याचा हबका कमी पडला तर पेंड बांधत नाही आणि तेल सुटत नाही. जास्त झाला तर तेल दुधाळ होते, गाळ बसायला दिवस लागतात आणि ओल राहून ते लवकर खवट होते. आता हिशेब करा. एक लिटर म्हणजे सुमारे ९२० ग्रॅम तेल, त्याला २.३ किलो तीळ. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ९,८४६ रुपये. म्हणजे नुसते तीळच २२६ रुपयांचे झाले. पेंडीचे पैसे वजा केले तरी घाण्याची मजुरी, वीज, बाटली आणि दुकानदाराचा नफा त्यावर चढतोच. दीडशे-पावणेदोनशेला ‘शुद्ध घाण्याचे तीळतेल’ मिळत असेल तर बाटलीत काय आहे, हे सांगायला चाचणी कशाला हवी?

राहिला देशाचा प्रश्न. पामतेल बंद करून घरोघरी तीळतेल आणा, असे लेखात आहे. देशात तीळ पिकतो वर्षाला सुमारे आठ लाख टन. एकही दाणा बाहेर न पाठवता, न खाता, बियाण्याला न ठेवता सगळा घाण्यात घातला आणि ४० नव्हे, चक्क ४५ टक्के उतारा धरला, तरी १४० कोटी माणसांना दिवसाला माणशी सुमारे ०.७ ग्रॅमच तेल येते. राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या रोजच्या ताटात तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. त्यात हा तीळ निर्यातही मोठ्या प्रमाणावर होतो आणि उरलेल्यातला बराच आपण चटणीत, भाकरीवर, तिळगुळात खातो. तीळ वाढवायचा तर आधी शेतातले बघा. बोंडे एकसारखी पिकत नाहीत, खालची फुटून दाणा गळतो तेव्हा वरची हिरवीच असतात. म्हणून पेंढ्या उभ्या करून हाताने झाडाव्या लागतात आणि मजूर मिळत नाही. लेखात यावर एक ओळही नाही.

उलट तीळ दाण्याच्या रूपात पोटात जातो, हे चांगलेच आहे. दोन मोठे चमचे भाजून कुटलेल्या तिळात पाच-सात ग्रॅम स्निग्धांश सहज असतो, शिवाय प्रथिने आणि चोथा. कोंडा आणि पेंड वेगळी करून उरलेल्या तेलासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा तिळाची चटणी रोजच्या ताटात ठेवणे कितीतरी परवडणारे आहे. लेखकाने तेलापेक्षा याचा आग्रह धरायला हवा होता.

जाता जाता आणखी एक. किराणा दुकानात ‘दिव्याचे तेल’ खाद्यतेलाच्याच फळीवर मांडलेले असते. लेबलवर तिळाच्या शेंगांचे मोठे चित्र आणि ‘खाण्यासाठी नाही’ हे मागे, मुंगीच्या अक्षरांत. सणासुदीला ते स्वस्त म्हणून फोडणीसाठीही नेले जाते. ते वेगळ्या फळीवर ठेवणे आणि ती सूचना पुढच्या बाजूला ठळक छापणे सक्तीचे करावे, यासाठी आपल्या वृत्तपत्राने अन्न व औषध प्रशासनाकडे पाठपुरावा करावा.

आपला,
तेलतंत्रज्ञान क्षेत्रातील एक वाचक, जळगाव