‘सॉरी म्हण’ने भांडण मिटत नाही

महोदय,

प्राथमिक शाळेतल्या मुलांना भावना ओळखायला आणि एकमेकांशी जमवून घ्यायला शिकवलं पाहिजे, हे आता बहुतेकांना पटलं आहे. गाडी अडते ती पुढे. वेळापत्रकात आठवड्याला एक तास लागतो, भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता येतो आणि तासाला ‘रागावू नये, मिळून-मिसळून राहावं’ यावर व्याख्यान होतं. घंटा झाली की नळापाशी ढकलाढकली सुरू.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये भावना ओळखायला आणि जमवून घ्यायला शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २ लाख ७० हजार मुलं होती. वागणुकीत फरक पडलाच, शिवाय अभ्यासातही ११ पर्सेंटाइलची वाढ दिसली, म्हणजे शंभर मुलांत मधोमध असलेलं मूल सुमारे अकरा जागा पुढे गेलं. मात्र अभ्यासातला ठळक फायदा दिसला तो शाळेच्याच शिक्षकांनी राबवलेल्या कार्यक्रमांत. यात नवल नाही. पाहुणा तास घेऊन जातो आणि भांडण दुसऱ्या दिवशी होतं.

सुरुवात शब्दांपासून करावी. ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की पहिलीतल्या मुलांकडून दोनच उत्तरं येतात: छान, नाहीतर वाईट. आपल्या भाषेत खट्टू होणं आहे, हिरमुसणं, रुसणं, ओशाळणं, धास्तावणं, हेवा वाटणं आहे. आठवड्याला दोन शब्द पुरेत, पण ते शरीराशी जोडून द्यावेत: धास्ती वाटली की पोटात गोळा येतो, ओशाळलं की मान खाली जाते, राग आला की कान तापतात. चेहऱ्यांच्या तक्त्यावर सगळ्यांदेखत खूण करायला लावू नये. मग बहुतेक मुलं हसऱ्या चेहऱ्यालाच पसंती देतात. बाईंना काय आवडतं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

वर्तुळात बसून बोलण्याचा उपक्रम चांगला, पण मोठ्या वर्गात हिशेब चुकतो. चाळीस मुलांना एका बैठकीत बोलतं केलं की दहाव्या मुलानंतर बाकीची चुळबुळ करायला लागतात. त्यापेक्षा रोज आठ मुलं, प्रत्येकी एक मिनिट. पाच दिवसांत वर्ग पुरा होतो. ‘आज नको’ म्हणायची मुभा हवीच. एखाद्या मुलाने घरच्या मारहाणीचा विषय काढला, तर तिथे खोदून विचारू नये. नंतर एकटं भेटावं आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नये, कारण मुलाच्या सुरक्षिततेसाठी ते सांगावंच लागतं.

राग शांत करण्याचा श्वास मूल शांत असतानाच शिकवावा. तीन आकडे मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, असं पाच वेळा. चाळीस सेकंद लागतात. लहानांना सांगावं, समोर दिवा आहे असं समज आणि ज्योत हलेल पण विझणार नाही अशी फुंकर घाल. रोज सरावाने जमलेला श्वास रागाच्या भरात आठवू शकतो. रडून लाल झालेल्या मुलाला त्याच क्षणी पहिल्यांदा ‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं, तर ते आणखी चिडतं.

आता मुख्य भाग, भांडणाचा. समजा, दोघांनी एकच खोडरबर धरलाय. आधी दोघांना वेगळं बसवावं आणि श्वास खाली बसेपर्यंत पाच-दहा मिनिटं जाऊ द्यावीत. तोवर न्यायनिवाडा नको. मग एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, नंतर अदलाबदल. ही परत सांगण्याची पायरी घाईत गाळली जाते आणि खरं काम तिथेच होतं. प्रश्न ‘काय झालं?’ असा असावा, ‘का केलंस?’ म्हटलं की मूल सबबी शोधू लागतं. पुढे, ‘आता तुला काय हवंय?’ तोडगे दोन, तेही मुलांनीच सुचवायचे. ठरलेला तोडगा टिकला का, हे दुसऱ्या दिवशी अर्ध्या मिनिटात विचारून घ्यावं. दरडावून वदवून घेतलेल्या ‘सॉरी’त यातलं काहीच नसतं. त्या शब्दाने सुटका होते, एवढंच मूल शिकतं. कट्टी घेतलेल्यांना तिथल्या तिथे बट्टी करायला लावण्याचंही तसंच.

वर्गातला ‘शांत कोपरा’ही असाच वाया जातो. ‘जा, कोपऱ्यात बस’ असं एकदा म्हटलं की ती शिक्षेची जागा झाली. नंतर तिथे आपणहून कोणी जात नाही.

आणि प्रगतिपुस्तकात भावनांना श्रेणी देण्याचं खूळ तर आवरावंच. त्याऐवजी शिक्षकांनी दोन आठवडे साध्या वहीत भांडणांची नोंद ठेवावी: कुठे, कधी, कशावरून. बरीचशी भांडणं दोन-तीन ठिकाणीच होताना दिसतात, रांगेत, गट पाडताना, मधल्या सुट्टीनंतर. गट आदल्या दिवशी ठरवले, रांग दोन दारांनी सोडली, तर त्यातली काही भांडणं होतच नाहीत. उरलेल्यांसाठी मग बाईंकडे दहा मिनिटं निघतात.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका