बाबा, त्या पाण्याचं आम्ही शेवटी काय करतो

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा रविवारी फोनवर बाबांनी विचारलं की तेलाच्या विहिरींतून निघणारं एवढं सगळं पाणी शेवटी जातं कुठं, आणि मी म्हणालो परत जमिनीत सोडतो. त्यावर बाबा तुम्ही काही बोललाच नाहीत, नुसतं बरं म्हणून फोन आईकडं दिलात. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तुम्ही सगळं आयुष्य फिल्टर हाऊसला पिण्याचं पाणी शुद्ध करण्यात काढलं, तुम्हाला असं एका वाक्यात उरकून चालणार नाही हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. आज सुट्टी आहे म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी हे पाणी येतं कुठून ते सांगतो. मी राहतो ते मिडलंड म्हणजे पश्चिम टेक्सास, पर्मियन बेसिन नावाच्या तेलाच्या मोठ्या पट्ट्याच्या मधोमध. इथं तेल असतं ते शेल खडकात, म्हणजे पाटीच्या दगडासारख्या घट्ट थरात, त्यामुळं नुसती विहीर पाडून ते वर येत नाही. मग दोन-तीन किलोमीटर खाली जायचं, तिथून आडवं वळून परत तीनेक किलोमीटर जायचं आणि प्रचंड दाबानं पाणी अन् वाळू घालून खडकाला तडे पाडायचे. एका विहिरीला काही कोटी लिटर पाणी लागतं. आई, ह्या पाण्यात आधी गवारीच्या बियांचा डिंक घालायचे, वाळू तरंगत आत जावी म्हणून. आपल्या राजस्थानातली गवार. 2012 च्या सुमाराला ह्या लोकांमुळं तिथं गवारीचा भाव आभाळाला भिडला होता. आता बहुतेक ठिकाणी डिंक कमी करून पाणी निसरडं करणारं दुसरं केमिकल घालतात.

पण बाबा, खरा प्रश्न आत घालायच्या पाण्याचा नाही, बाहेर येणाऱ्या पाण्याचा आहे. एक बॅरल तेल, म्हणजे 159 लिटर, वर आलं की सोबत तीन-चार बॅरल पाणी येतं, काही भागात त्याहून जास्त. आपण घातलेलं थोडं, बाकीचं त्या खडकातलंच, पंचवीस कोटी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता त्याचं. सगळ्या पर्मियनमधून रोज साधारण 2 कोटी बॅरल पाणी निघतं, तुमच्या भाषेत 3000 एमएलडीच्या वर (आई, एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर). आणि खारट किती, तर समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार असतात, इथं 120 ग्रॅम तर सर्रास, कुठं कुठं त्याहून जास्त. शिवाय तेलाचे थेंब, लोखंड, अमोनिया, बोरॉन, बेन्झीन आणि थोडं रेडियमसुद्धा.

आता माझं काम. पाणी आधी उंच टाकीत येतं, तेल वर तरंगतं, ते काढून घेतात. मग ऑक्सिडायझर घालतो, त्यानं विरघळलेलं लोखंड तांबूस गाळ होऊन बाहेर पडतं आणि जंतू मरतात. जंतू मारायलाच लागतात, कारण त्यातले काही सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार करतात. आई, घाबरू नकोस, माझ्या कॉलरला कायम अलार्म लावलेला असतो आणि तो वाजला की सगळे वाऱ्याच्या उलट्या दिशेनं निघतात, ह्यात कुणी हयगय करत नाही. मग गाळ बसवायचा, गाळून घ्यायचं आणि प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या मोठ्या तळ्यात साठवायचं. मीठ तसंच राहतं, ते काढतच नाही. हेच पाणी पुढच्या विहिरीला तडे पाडायला परत वापरतात. आधी म्हणायचे की गोडंच पाणी पाहिजे, मग खाऱ्या पाण्यात चालणारी केमिकल्स निघाली आणि तो हट्ट सुटला. इथं पाऊस किती, तर जुलैतल्या एखाद्या आठवड्यात गगनबावड्याला पडतो तेवढा वर्षात पडत नाही. त्यामुळं जमिनीतलं गोडं पाणी जेवढं वाचेल तेवढं चांगलं, आणि ते वाचवण्यात माझा हात आहे ह्याचं मला खरंच समाधान आहे.

पण सगळं पाणी परत वापरून संपत नाही. जेवढं लागतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त निघतं. उरलेलं डिस्पोजल वेलमधून दुसऱ्या सच्छिद्र खडकात ढकलतात. तुम्ही गप्प बसलात ते ह्याच्यासाठी, आणि तुमचं चुकलं नाही. 16 नोव्हेंबर 2022 ला इथून पश्चिमेला मेंटोन गावाजवळ 5.4 चा भूकंप झाला. आत ढकललेल्या पाण्यानं जुन्या भेगांवरचा दाब बदलतो आणि त्या सरकतात. इथल्या नियामक संस्थेचं नाव रेलरोड कमिशन, पण काम सगळं तेल-गॅसचं, त्यांनी 2021 पासून भूकंपाचे पट्टे ठरवून तिथं पाणी सोडण्यावर बंधनं घातलीत. शेजारच्या न्यू मेक्सिकोत तर नवीन परवाना मिळणं इतकं अवघड की तिथलं लाखो बॅरल पाणी हद्द ओलांडून टेक्सासमध्ये येतं.

तुम्ही म्हणाल गावच्या सांडपाणी प्लांटला द्या. पेनसिल्व्हेनियात तसं केलं होतं. त्या प्लांटना मीठ काढता येत नाही, ते सरळ नदीत गेलं. शेवटी 2016 ला केंद्र सरकारनं शेलचं पाणी गावच्या प्लांटला द्यायला बंदीच घातली.

मग गोडं का करत नाही? घरच्या आरओसारखं करून बघावं तर लिटरला 70 ग्रॅमच्या पुढं ते तग धरत नाही, मिठाचाच उलटा दाब एवढा असतो की साधं मेंब्रेन झेपत नाही. मग उकळून वाफ धरायची, म्हणजे काकवीसारखं आटवायचं, आणि त्याला ऊर्जा लागते. पुढचा हिशोब मी एका रात्री कागदावर केला. रोज एक लाख बॅरल पाणी पूर्ण गोडं करायचं म्हटलं तर दिवसाला 1900 टन मीठ निघेल. एका दिवसाचं! ते ठेवायचं कुठं? म्हणून अर्धंच पाणी काढून घेतात आणि उरलेलं दुप्पट खारट पाणी परत डिस्पोजलला जातं.

आणि इथं बाजार आडवा येतो. पाइपलाइननं नेऊन जमिनीत सोडायला बॅरलमागं डॉलरच्या आतबाहेर पडतं, टँकरनं दुप्पट-तिप्पट, आणि गोडं करायला त्याहून बरंच जास्त. त्यामुळं पाणी कंपन्यांचा धंदा चालतो तो पाइपलाइनवर: तेलवाल्याकडून पाणी न्यायचे पैसे घ्यायचे आणि तेच साफ करून दुसऱ्या तेलवाल्याला विकायचं. ज्याच्या रानाखालचा खडक पाणी पितो त्या मालकालाही बॅरलमागं पैसे मिळतात. डिस्पोजल स्वस्त आहे तोवर गोड्या पाण्याला गिऱ्हाईक नाही. पण आता जागा भरत चाललीय, भाव चढायलाय, आणि म्हणूनच 2021 ला टेक्सास सरकारनं लबकच्या टेक्सास टेक युनिव्हर्सिटीत ह्या पाण्यासाठी एक संशोधन गट उभा केला, छोटे प्लांट चालवून तपासण्या चालू आहेत.

काही लोक म्हणतात आत्ताच शेतीला द्या. मला ते पटत नाही आणि मी मीटिंगमध्ये तसं बोललोसुद्धा. गेल्या महिन्यात एका जुन्या गळतीच्या जागी गेलो होतो. मेस्किटची झुडपं वाळून काळी पडलेली, खाली पांढरी खपली, बुटाखाली पापडासारखी मोडायची. मी खाली बसलो आणि बोटानं उकरलं, वरचा थर पांढरा, खाली माती चिकट आणि मेलेली. एकदम मामाचं शिरोळचं रान डोळ्यापुढं आलं. ती क्षारपड तर नुसतं उसाला पाणी जास्त दिल्यानं झाली होती, नदीच्या गोड्या पाण्यानं, आणि तरी ते रान कित्येक वर्षं पडीक राहिलं, सच्छिद्र पाइपा गाडून निचरा केला तेव्हा कुठं त्यात परत पीक उभं राहिलं. मामी बांधावर उभी राहून त्या पांढऱ्या तुकड्याकडं बघायची ते मी विसरलेलो नाही. पाणी कितीही स्वच्छ दिसू दे, बोरॉन, अमोनिया, रेडियम, सगळं महिनोन्महिने तपासल्याशिवाय ते कुणाच्या रानात जाऊ नये. वरिष्ठांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या वर्षी मला तपासणीच्याच टीममध्ये यायचंय का विचारलंय. पगार थोडा कमी आहे. मी हो म्हणणार आहे. तुम्हाला आधी सांगायचं होतं.

2019 च्या पुरात आपण शाहूपुरीतलं घर सोडून काकांकडं राजारामपुरीत गेलो होतो ते आठवतंय ना, गल्लीत छातीएवढं पाणी आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला थेंब नाही. तेव्हा तुम्ही रिटायर झाला होता तरी रोज फोन करून विचारायचा, टँकरच्या पाण्यात क्लोरीन किती मारलंय. मी तेव्हा चिडायचो. आता मी स्वतः दिवसातून चार वेळा तेच बघतो.

आता एक कामाचं. आमच्याकडं अजून जार टेस्टच करतात, तुमच्यासारखीच, सहा भांडी ओळीनं, प्रत्येकात वेगळा डोस घालून कुठलं नितळतं ते बघायचं. पण थंडीत पहाटे पाणी गार असलं की फ्लॉक, म्हणजे गाळाचा पुंजका, फार बारीक पडतं, खाली बसत नाही, आणि तेलाचा अंश असला तर उलट वर तरंगतं. तुमची ती निळी वही आहे ना, डोसच्या आकड्यांची, त्यात डिसेंबर-जानेवारीत तुम्ही आधी चुना घालायचा का आधी तुरटी, आणि ढवळायचा वेळ किती वाढवायचा ते बघा. कपाटात वरच्या खणात असेल, आईला काढायला सांगू नका, स्टुलावर चढते ती. ताईच्या पोराला सांगा पानांचे फोटो काढून पाठवायला.

तुमचा
पिंटू