न वाचलेल्या पुस्तकांची बाजू

संपादक महोदय,

'आधीची वाचून झाली का?' हा प्रश्न जुनी पुस्तके घेणाऱ्या प्रत्येकाला घरी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. या जन्मात ती सगळी वाचून होणार नाहीत, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात छोटी, पुनर्मुद्रणाची खात्री नाही, आणि रद्दीत गेलेल्या प्रतीचा लगदा होतो. दिवाळी अंकांचे हाल तर त्याहून वाईट. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनचे किती अंक आज पूर्ण संचात सापडतील? जे तगले, त्यांतले बरेच अशाच हावरट ग्राहकांच्या माळ्यावर. (हावरट हा शब्द आमच्या घरचा.)

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरची जुन्या पुस्तकांची दुकाने २००५ मध्ये पालिकेने उठवली. असे बाजार आक्रसत असताना न वाचताही विकत घेणाराच विक्रेत्याला तगवतो.

खरी अडचण नंतरची. वारसांना नको असलेला संग्रह ग्रंथालयेही जागेअभावी नाकारतात. निदान जिल्हा ग्रंथालयांनी त्यातली दुर्मीळ पुस्तके निवडून घ्यावीत, उरलेली विक्रेत्यांकडे जाऊ द्यावीत.

– एक वाचक, पुणे