५ बोल्टचा सांगून ४ बोल्टचा ड्रम पुलर पाठवला, बदली पुलरने ड्रम फोडला

तुमच्या कस्टमर केअरशी आज चौथ्यांदा बोलून फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलोय. हे मॅनेजमेंटने स्वतः वाचावं, परत त्याच कॉल सेंटरला फॉरवर्ड करू नये.

माझ्याकडे १९६५ ची फोक्सवॅगन बीटल आहे, १२०० सीसी, बाबांची. मागच्या डाव्या चाकाचं ब्रेकचं व्हील सिलेंडर लीक झालं, ब्रेक ऑइल सगळं ब्रेकच्या लायनरवर उतरलं, म्हणजे ब्रेकचा ड्रम (चाकामागचा गोल डबा) काढल्याशिवाय गत्यंतर नाही. तुम्ही बीटलचा ड्रम ओढून काढायचा पुलर विकता म्हणजे तुम्हाला माहीत असणारच की तिचा मागचा ड्रम अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनवर (उभ्या खाचांवर) बसतो आणि बाहेरून ३६ मिमीचा नट २१७ फूट-पाउंडला आवळलेला असतो. वर्षानुवर्षं उघडला नाही की गंजून ड्रम आणि अ‍ॅक्सल एकजीव होतात. हँडब्रेक सोडला, अ‍ॅडजस्टर ढिले केले, स्प्लिट पिन काढली, पान्याला चार फुटी पाइप लावून नट सोडवला, दोन रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, ड्रम केसभर हलला नाही. म्हणून तुमचा पुलर मागवला, ४,८५० रुपयांना. साइटवर स्पष्ट लिहिलंय, बीटल, १९६७ पर्यंत, ५ बोल्ट.

आला तो ४ भोकांचा. फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो, "सर, चारच बोल्ट लावा ना, एक नाही लावला तरी चालतं." अहो, माझ्या ड्रमच्या बोल्टांचं वर्तुळ २०५ मिमीचं आहे आणि तुमच्या पुलरचं १३०. मध्याला मध्य धरला की एकही भोक बोल्टच्या भोकासमोर येत नाही, चार काय आणि पाच काय! हे दोन वेळा सांगितलं, आकडे सांगितले, फोटो पाठवले.

मग बदली म्हणून तीन पायांचा पुलर पाठवलात. "युनिव्हर्सल आहे सर, सगळ्या गाड्यांना चालतो, कडेला पकडून ओढा." तुमचा टेक्निकलवाला सांगतोय म्हणून मी विश्वास ठेवला, हीच चूक झाली. ड्रम बिडाचा, त्याची कड असली ओढाताण सोसायला केलेलीच नाही. सेंटर बोल्ट अजून अर्धा फेरा फिरवला आणि कडेचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा उडून शेडच्या पत्र्यावर आपटला. डोळ्याला लागला असता तर काय केलं असतं तुम्ही?

आता आजचा फोन. बावीस मिनिटं होल्डवर ठेवलं, मग विचारलं, "काका, गाडी कोणत्या सालची?" म्हटलं पासष्टची. तो जरा थांबला, शेजारच्याला "पासष्टची म्हणे" असं म्हणाला आणि दोघंही हसले, मला स्वच्छ ऐकू आलं. मग मला म्हणतो, "काका, एवढी जुनी गाडी भंगारात देऊन टाका, टेन्शनच संपेल. ड्रम आधीच खराब असणार, आमच्या पुलरने असं होत नाही." मी म्हटलं सुपरवायझरला द्या. तर म्हणे ते लंचला गेलेत. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मी पुढे बोलणार तेवढ्यात फोन कट.

भंगार? २०२१ च्या केंद्राच्या नियमांत ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिलीय, त्या जपाव्यात म्हणूनच. माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत, दर रविवारी मी गाडी चालू करतो तेव्हा ते पुढच्या सीटवर बसतात. त्यांना मी काय सांगू, टूलवाल्यांनी भंगारात द्यायला सांगितलीय म्हणून?

आणि ड्रम निघालाच नसता असंही नाही. आमच्या इथल्या लेथवाल्याने १२ मिमी जाड प्लेटला २०५ च्या वर्तुळावर पाच भोकं पाडून दिली, मध्ये आटे पाडून सेंटर बोल्ट बसवला. नट चार आटे तसाच ठेवला, म्हणजे ड्रम सुटून अंगावर यायला नको. बोल्ट आवळून ताण दिला, ड्रमच्या हबला (मधल्या भागाला) भोवतीने थोडी धग दिली, आणि टण्णकन आवाज होऊन ड्रम सुटला. एका संध्याकाळचं काम, ९०० रुपयात. म्हणजे लेथवाल्याला जे एकदा सांगून कळलं ते तुम्हाला चार फोनमध्ये कळलं नाही. साइटवर ५ बोल्ट लिहून ४ चा पाठवता, वर ग्राहकालाच चुकीचं ठरवता.

मला दोन्ही वेळच्या कुरियरसकट ४,८५० रुपये परत हवेत, नव्या ड्रमची किंमत हवी, आणि साइटवरचं ते वर्णन आजच्या आज दुरुस्त व्हायला हवं, नाहीतर अजून कोणाचा तरी ड्रम फुटेल. ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात द्यायचं असतं. पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. कॉलच्या तारखा, वेळा, तुटलेल्या कडेचे फोटो सोबत जोडलेत.

बारा वर्षं तुमचेच पाने वापरतोय, गल्लीतल्या चौघांना मीच घ्यायला लावले, म्हणून जास्त लागलं. दोन्ही पुलर खोक्यात भरून दाराशी ठेवलेत. माणूस पाठवून घेऊन जा.